दारावरचे आकडे

धाकटीने जेवता जेवता, ताटावरची नजर न उचलता, जाहीर करून टाकलं की ती फार्मसीला जाणार नाही. अ‍ॅग्रीबिझनेस घेणार. चार वर्षांची पदवी, कॉलेज इथलंच, बसने अर्धा तास.

"अ‍ॅग्री काय?" आईने विचारलं.

"शेतमालाचा धंदा. माल पिकवायचा कसा, साठवायचा कसा, बाजारात न्यायचा कसा. सगळं शिकवतात."

दादाला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तो हसला, पण त्या हसण्यात काही दम नव्हता. "म्हणजे केळी पिकवायला चार वर्षं कॉलेजात जायचं? अगं, मी बारा वर्षं तेच करतोय. माझ्याकडे शीक की. फी पण घेणार नाही."

"तुझ्याकडे शिकण्यासारखं आता काय उरलंय?" धाकटी म्हणाली, आणि मान वर करून तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

आई म्हणाली, "पुरे."  दादाचं मात्र जेवणावरचं लक्ष उडालं ते उडालंच. अठरा वर्षांची पोरगी, जिला त्याने खांद्यावर बसवून फिरवलं होतं, ती चारचौघांत त्याचा पाणउतारा करते म्हणजे काय? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि त्या रागाच्या तळाशी भीती होती, ती तर त्याला रागापेक्षाही सहन होत नव्हती.

आता हा दादा कोण, ते सांगायला हवं. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर अण्णांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, केळी पिकवायची शेड होती. सहा खोल्या, जाड दारांच्या, थंड हवेच्या. हिरवा माल ट्रकने यायचा, क्रेटमध्ये भरून खोल्यांत जायचा, एक दिवस पिकवायचा गॅस लागायचा आणि चार-पाच दिवसांनी पिवळा होऊन निघायचा. अण्णांचे गुडघे गेले तेव्हा दादा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. त्याने वह्या माळ्यावर टाकल्या आणि शेडमध्ये येऊन उभा राहिला. कुणी त्याला विचारलं नव्हतं आणि नंतर कुणी आभारही मानले नाहीत. हे तो विसरला नव्हता.

पण शेडने त्याला एक गोष्ट दिली. त्याला नाक आहे, हे तिथे कळलं. रोज सकाळी तो एकेका खोलीचं दार वीतभर उघडायचा, एकच श्वास घ्यायचा आणि खडूने दारावर आकडा लिहायचा. चार म्हणजे चार दिवस बाकी. एक म्हणजे उद्या काढा. फळाला हातसुद्धा लावायचा नाही. बाकीचे शेडवाले दाबून बघायचे, सोलून बघायचे, खाऊन बघायचे, आणि तरी चुकायचे. दादाचा आकडा चुकला नाही. बाजारात त्याला 'नाकशेठ' म्हणू लागले. सुरुवातीला चेष्टेने, मग अदबीने. नाकशेठही मग थोडे नाकाने कांदे सोलू लागले, यात नवल नाही. धाकटीने शिकवणीच्या पैशातून टोकदार थर्मामीटर आणला, फळात खुपसून आतली उष्णता मोजायचा, तेव्हा दादाने तो सगळ्या कामगारांसमोर उंच धरला होता. "केळ्याला ताप आलाय का गं? गोळी देतेस की इंजेक्शन?" सगळी शेड हसली. थर्मामीटर टेबलाच्या खणात गेला. धाकटीने तो परत मागितला नाही.

मग आठ महिन्यांपूर्वी दादाला ताप आला. दहा दिवस तो अंथरुणावर होता. उठला तेव्हा जगाला वासच नव्हता. साबणाला नाही, डिझेलला नाही, केळ्यालाही नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईल कदाचित, किंवा नाहीही येणार. दादाने हे कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? नाकशेठचं नाक गेलं तर मागे उरणार काय, तर कॉलेज अर्धवट सोडलेला तीस वर्षांचा एक माणूस.

पहिल्या सकाळी तो हातात खडू घेऊन एक नंबरच्या खोलीसमोर उभा राहिला. आणि बघतो तर दारावर आकडा आधीच लिहिलेला. तीन. पुढच्या दारावर दोन. सहाही दारांवर आकडे. दादाला वाटलं, हे मुकादमाचं काम. मुकादम वडिलांच्या वेळेपासूनचा, शेड तोच उघडायचा. म्हातार्‍याने ओळखलं असेल आणि लाज राखली असेल. दादाने त्याला विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे कबूल करणं. तो दार उघडायचा, सगळ्यांना दिसेल असा मोठा श्वास घ्यायचा, मान हलवायचा आणि लिहिलेल्या आकड्याखाली एक रेघ ओढायचा. आठ महिने रेघा ओढून त्याने मान राखला होता. आकडा एकदाही चुकला नाही.

घरात मात्र, तापातून उठून शेडमध्ये परत जायच्या आदल्या दिवशी, एकदा घोळ झाला होता. शेगडीवर दूध करपून काळं झालं, घर धुराने भरायला आलं, आणि दादा शेगडीपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होता. धाकटी धावत आली, तिने गॅस बंद केला.  मग त्याच्याकडे नुसती बघत राहिली. ते बघणं दादाच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

म्हणून त्याला तिचं ते कॉलेज नको होतं. फार्मसीला गेली असती तर गोळ्या-बाटल्यांत रमली असती. अ‍ॅग्रीबिझनेस म्हणजे चार वर्षांनी ही बया परत शेडमध्येच येणार, कागद आणि यंत्रं घेऊन, आणि पहिल्याच दिवशी विचारणार, दादा, तू इथे नक्की करतोस काय?

त्याला संधी चालून आली. कॉलेजात काही जागा कामाचा अनुभव असलेल्या मुलांसाठी होत्या, आणि धाकटीच्या मार्कांना तीच जागा मिळण्यासारखी होती. त्यासाठी शेडचं पत्र हवं होतं, उमेदवार काय काम करते ते सांगणारं, शिक्क्यासह. पत्र लिहायचं काम दादाचं. शिक्का अण्णांचा.

आणि शेडमध्ये एक रीत होती. अण्णांची नजर अधू झाल्यापासून कुठलाही कागद त्यांना मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय शिक्का उठत नसे. मग ते ट्रकचं बिल असो की लग्नाची पत्रिका. अण्णा डोळे मिटून ऐकायचे, शेवटी "बरं" म्हणायचे आणि चाचपडत शिक्का मारायचे.

दादाने पत्र समोर धरलं आणि वाचलं, "सदर उमेदवार आमच्या शेडमध्ये दोन वर्षे काम करीत असून खोल्यांची देखरेख, मालाची प्रतवारी व नोंदी ही कामे जबाबदारीने पार पाडते."

"बरं," अण्णा म्हणाले. "चांगलं लिहिलंस. मला वाटलं होतं तू काही खोडी काढशील."

कागदावर लिहिलं होतं, 'सदर उमेदवार सुट्टीच्या दिवशी क्रेट धुण्याचे काम करते.' अण्णांनी शिक्का मारला. दादाने पाकीट चिकटवलं. त्याला थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते वाईट वाटणं त्याने दुपारच्या चहाबरोबर गिळून टाकलं.

आठवड्याने कॉलेजातून धाकटीला बोलावणं आलं. ती परत आली ती सरळ आपल्या खोलीत गेली. रात्री जेवायला तेवढी बाहेर आली. हात धुताना ती आईला म्हणाली, "उद्या सकाळी कॉलेजच्या एक मॅडम शेड बघायला येणार आहेत. माझ्या अर्जात एक लिहिलंय आणि पत्रात दुसरंच. त्यांना खरं काय ते बघायचंय." बोलत होती आईशी, पण शब्द कुणासाठी होते ते दादाला समजलं.

"येऊ देत," तो म्हणाला. "शेड काय, सगळ्यांना उघडी आहे."

दुसर्‍या दिवशी सकाळी तो शेडमध्ये शिरला आणि जागीच थबकला. दारांवर आकडे नव्हते. सहाही दारं ओल्या फडक्याने पुसून स्वच्छ केलेली.

मुकादम ट्रकजवळ उभा होता. दादाने त्याला बाजूला घेतलं आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "काय हो, आज आकडे नाही घातले?"

"कसले आकडे?"

"दारावरचे."

"ते मी कशाला घालू, शेठ?" मुकादम बावचळला. "ते धाकट्या ताई घालतात. रोज मी कुलूप काढलं की पहिल्या त्याच येतात. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय त्यांना. आज पण आल्या होत्या. तीन नंबरात बराच वेळ होत्या. जाताना दारं पुसून गेल्या."

 आठ महिने. रोज. ज्या आकड्याखाली तो ऐटीत रेघ ओढत होता तो या पोरीचा होता, आणि तिने एका शब्दाने ते कधी दाखवलं नव्हतं. त्याला तिचे उपकार वाटायला हवे होते. वाटला तो संतापच. ही मला पोसत होती? मला? आणि आज बाहेरचं माणूस यायच्या दिवशी हिने मला उघड्यावर सोडलं!

विचार करायला वेळ नव्हता. मॅडम आल्याच. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायात जाड बूट. धाकटी त्यांच्या एक पाऊल मागे. तिने दादाकडे पाहिलं नाही.

"इथे माल कधी काढायचा ते कसं ठरवता?" मॅडमनी विचारलं.

दादा पुढे झाला. "नाकाने. बाजारात विचारा कुणालाही." काल तीन नंबरच्या दारावर तीन लिहिलेलं त्याला पक्कं आठवत होतं. काल तीन, म्हणजे आज दोन. पोरासोरांनाही येईल असा हिशेब. त्याने तीन नंबरचं दार उघडलं, डोळे मिटले, छाती फुगवून श्वास घेतला. क्रेटमधली केळी हिरवीगार दिसत होती. "दोन दिवस," तो म्हणाला आणि खडूने ठळक दोन लिहिला.

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी एकदा हवेत हुंगलं, मग पुन्हा. "दोन दिवस? नक्की?"

"बारा वर्षं हेच करतोय, मॅडम."

मॅडमनी धाकटीकडे पाहिलं. "तुझं काय मत?"

धाकटीच्या गालाचा स्नायू हलला. बोलू की नको, असं तिच्या चेहर्‍यावर स्पष्ट दिसत होतं. मग ती म्हणाली, "हा माल आत्ता काढायला हवा. रात्रीत पंखा बंद पडला होता. आल्या आल्या मी सुरू केला, पण तोवर खोली तापली होती. खोली तापली की साल हिरवी राहते आणि आतला गर पिकून जातो. दिसायला कच्चं, आतून लगदा. दोन दिवसांनी उचललं तर हातात राहणार नाही."

मॅडमनी वरच्या क्रेटमधलं एक हिरवं केळं उचललं आणि सोललं. आतला गर पिवळट, मऊ, जवळजवळ पाझरणारा. त्यांनी ते दादासमोर धरलं. दादा त्याच्याकडे बघत राहिला. त्या खोलीत इतका गोड, आंबूस वास कोंदला होता की ट्रकजवळच्या मुकादमानेही मान वळवली होती. दादाला त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

"तुम्हाला वास आला नाही?" मॅडमनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

  धाकटीने मुकादमाला हाक मारली. "तीन नंबर सगळा बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता बाजारात पाठवा, मिळेल त्या भावाने." आणि मुकादमाने दादाकडे न बघता मान डोलावली. ते न बघणं दादाला फार लागलं.

अण्णा पुढच्या ऑफिसात खुर्चीत बसले होते. मॅडम त्यांच्यासमोर बसल्या, पिशवीतून पत्र काढलं. "तुमच्या पत्राबद्दल विचारायचं होतं. यात म्हटलंय, सदर उमेदवार सुट्टीच्या दिवशी क्रेट धुण्याचे काम करते. मी आत्ता आत जे पाहिलं त्याच्याशी हे जुळत नाही."

अण्णांनी मिटलेले डोळे उघडले. "काय म्हणालात? पुन्हा वाचा."

मॅडमनी पुन्हा वाचलं.

 बाहेर क्रेट उतरवल्याचे आवाज येत होते. अण्णांनी मान वळवली, दादा जिथे उभा होता त्या दिशेला. त्यांना तो धूसर दिसत असणार, पण दादाला वाटलं, इतकं स्वच्छ आपल्याकडे कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

"नजर गेली तेव्हा मी रडलो नाही," अण्णा म्हणाले. "म्हटलं, पोरगा वाचून दाखवील. तू माझ्या आंधळेपणाचा उपयोग केलास. माझ्याच पोरीच्या विरुद्ध, माझ्याच शिक्क्याने."

"अण्णा, मी..."

"गप्प. कागद घे. आत्ता, या बाईंसमोर लिही. आणि या वेळी वाचणार धाकटी."

दादा टेबलाशी बसला.  त्याच्या मनात अजूनही चरफड चालूच होती. कॉलेज मी सोडलं, गुडघे यांचे गेले, आणि आज शेवटी वाईट मीच. हे खोटंही नव्हतं. पण बाहेर तीन नंबरचा माल निघत होता आणि ज्या माणसाला त्याचा वास आला नाही तो हा इथे बसला होता, हेही खोटं नव्हतं. तो लिहायला लागला. एकदा लिहायला लागल्यावर तो थांबला नाही. लिहून झाल्यावर कागद धाकटीकडे सरकवला आणि भिंतीकडे बघत बसला.

धाकटीने कागद उचलला. आधी मनात वाचला. तिचा चेहरा बदलला नाही, पण एका जागी तिचे डोळे अडकले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

"वाच की," अण्णा म्हणाले.

ती वाचू लागली. "सदर उमेदवार आमच्या शेडमध्ये दोन वर्षे काम करीत आहे. गेले आठ महिने सहाही खोल्यांतील माल कधी काढायचा हे तिनेच ठरवले असून तिचा अंदाज एकदाही चुकलेला नाही. याआधीचे पत्र मी जाणूनबुजून खोटे लिहिले होते. ते रद्द समजावे."

ती थांबली. दादा थिजून बसला होता. मधलं एक वाक्य गेलं होतं. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'गेल्या आठ महिन्यांपासून मला वास येत नाही आणि ही गोष्ट मी वडिलांपासून लपवली आहे.' ते तिने वाचलं नव्हतं. एका श्वासात, अडखळल्याशिवाय, वगळलं होतं. आठवड्यापूर्वी त्याने याच खोलीत जे केलं तेच तिने आज केलं होतं.

"तिने ठरवले म्हणजे?" अण्णांनी विचारलं. "मग हा काय करत होता?"

"शिकवत होता," धाकटी म्हणाली.

 अण्णा "बरं" म्हणाले आणि चाचपडत शिक्का मारला. मॅडमनी कागद घेतला, नजर फिरवली. त्यांनी ते वाक्य वाचलं, दादाला ते दिसलं. त्यांनी धाकटीकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवला. "सोमवारी सकाळी सातला पहिला तास," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर दादा शेडच्या मागच्या नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला. धाकटी आली. तिच्या हातात तो थर्मामीटर होता, टेबलाच्या खणातून काढलेला. तिने तो नळाच्या कट्ट्यावर आपटला.

"सोमवारपासून मला सकाळी यायला जमणार नाही. हा फळात खुपसायचा आणि आकडा वाचायचा. मी रोज तेच करायचे. एवढं तुला येईल."

दादाने तोंड पुसलं. त्याला बरंच बोलायचं होतं, त्यातलं जे आलं ते असं आलं. "ते वाक्य वाचलं नाहीस... बरं केलंस. मी..."

"तुझ्यासाठी नाही केलं." तिचा आवाज चिरकला, तेव्हा दादाला कळलं की ती रडायच्या बेतात आहे आणि रडणार नाही. "आठ महिने थंडीत उठून मी तुझी इज्जत सांभाळली, आणि तू मला क्रेट धुणारी लिहिलंस. तुला माफबिफ काही केलेलं नाही मी. परक्या बाईकडून अण्णांना हे कळायला नको, म्हणून गाळलं. त्यांना तू सांगायचंस. रविवारपर्यंत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी त्यांना ते पत्र पुन्हा वाचून दाखवीन. पूर्ण."

"पत्र तर कॉलेजात गेलं."

"मला पाठ आहे," धाकटी म्हणाली आणि निघून गेली.

दादा नळ बंद करायचा विसरला होता. त्याने तो बंद केला, थर्मामीटर उचलला, शर्टाला पुसला. सहा खोल्यांकडे जाणारा बोळ उजव्या हाताला होता आणि ऑफिसचं दार डाव्या. अण्णा आत एकटेच बसले होते, हात शिक्क्याच्या डबीवर ठेवून. दादाची चाहूल लागली तशी त्यांनी विचारलं, "कोण? काही वाचायचंय का?"

"हो," दादा म्हणाला, आणि हातात एकही कागद नसताना त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसला.